तिसऱ्या पिस्टनचा ठोका

बाबली मेस्त्रीच्या हातांना रॉकेलचा वास होता आणि तो कुठल्याच साबणानं जात नसे. आचऱ्याच्या तिठ्यापासून थोडं आत, माडांच्या सावलीत, त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. तरुणपणी होड्यांच्या मशिनी खोलत तो शिकला, मग गाड्यांकडे वळला. गाडी आली की आधी पाना नाही, कान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानावर, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक मधेच बोलू लागलं तर म्हणायचा, "तू वगी रव रे. तेका बोलांदे."

रविकांतची डिझेल अँबॅसिडर त्यानं आयुष्यभर अशीच ऐकली होती. त्या गाडीतून गावाच्या नवऱ्या सासरी गेल्या, बाळंतिणी माहेरी आल्या. रविकांत गेला आणि गाडी घरामागच्या मांगरात उभी राहिली. पावसाळे आले, गेले. आता त्याची मुलगी अक्षदा ती चालवणार होती. आचऱ्याहून कणकवली, आणि भाडं मिळालं तर घाट चढून कोल्हापूर. पण इंजिन धूर ओकत होतं, तेल पीत होतं. बाबलीनं ते उतरवून गॅरेजात आणलं आणि उघडलं.

जुनं इंजिन उघडलं की खरं काम पान्याचं नसतं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते ठरवण्याचं असतं. बाबलीनं गोणपाटावर एकेक भाग मांडला. रिंगा झिजल्या होत्या, त्या टाकायच्या. बेअरिंगांवर तांबं दिसू लागलं होतं, तीही टाकायची. व्हॉल्व घासून चालतील. क्रँकवरून त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. क्रँक राहील.

मग तिसऱ्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड हातात आला. त्याच्या वरच्या भोकात पिन खुळखुळत होती. हाच तो ठोका. रविकांतची गाडी चालू असली की इंजिनाच्या घुरघुरीतून तो वेगळा ऐकू यायचा, कुणीतरी बोटानं दार वाजवावं तसा. बाबलीनं रॉड रॉकेलात बुडवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड फासली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीतून एक काळी रेघ वर आली. केसाएवढी. लोखंडाला चीर गेली होती.

संध्याकाळी रविकांतची बायको पद्मावती आली, मागोमाग अक्षदा. बाबलीनं रॉड उजेडात धरून दाखवला.

"सगळा बदला, मेस्त्रीनू. माझा काय म्हणणा नाय," पद्मावती म्हणाली. "पण तो ठोको तेवढो ऱ्हवांदेत."

"वयनी, तो ठोको म्हणजे दुखणा आसा. आणि वर ही चीर. घाटात रॉड मोडलो तर इंजिन फोडून भायर येतलो. गाडयेत तुझा चेडू असतला."

"हे इतकी वर्षां चालवीत होते, तेव्हा नाय मोडलो?"

बाबलीनं चिरेवरून अंगठा फिरवला.

"ठोको देवळाच्या वळणार इलो की माका कळायचा, हे इले," ती हळू म्हणाली. "मी कालवण चुलीर चढवी. आता तो पण काढून टाकलात, तर माका काय उरता?"

"माझ्या मोबाईलात आसा गो तो आवाज, आये," अक्षदा म्हणाली.

"मोबाईलाक काय भात वाढू?"

अक्षदा हसली, पण आईकडे न बघता.

बाबलीला दोन्ही वाटा दिसत होत्या. भोकात नवा बुश, म्हणजे पितळी कडं, ठोकून तोच रॉड बसवायचा, किंचित सैल, म्हणजे ठोका राहील. चीर कदाचित वर्षानुवर्षं तशीच राहील, कदाचित पहिल्याच घाटात उघडेल. किंवा दुसरा रॉड घालायचा, आणि या बाईच्या घरात कायमची शांतता करायची. न सांगता बदलला तर चावी फिरवताक्षणी तिला कळणार होतं.

"गावपळण जांवदे," तो म्हणाला. "मगे सांगतंय."

देवानं कौल दिला होता आणि मार्गशीर्षातली गावपळण तोंडावर आली होती. त्या दिवसांत आचरा रिकामा करायचा असतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळा जीव वेशीबाहेर न्यायचा आणि गाव देवाच्या स्वाधीन करायचा. परत कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. आत त्या दिवसांत कोण वावरतं, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

निघायच्या सकाळी पद्मावती पुन्हा गॅरेजात आली. कडेवर कोंबडी होती.

"इंजिन हंयच ठेवतालात?"

"लोखंड आसा ता, वयनी. तेका कोण खाता?"

"सगळो जीव भायर काढूचो असता," ती म्हणाली. तिची नजर त्या एका रॉडवर होती.

बाबलीनं तिची थट्टा केली नाही. रॉड जुन्या बनियनात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. बाकीचं इंजिन गोणपाटावर उघडं पडलं होतं. क्रँक एकीकडे, पिस्टन एकीकडे, हेड भिंतीला टेकवलेलं. त्यानं दाराला कुलूप घातलं. देवळातली नौबत झडली आणि गाव चालू लागला.

खाडीच्या अलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पहिला दिवस जत्रेसारखा गेला. पोरं ओरडली, भजनं झाली, कुणाचा रेडा सुटला. खाडीपलीकडे गाव दिसत होता, नुसते माड आणि त्यांतून डोकावणारी कौलं. एकाही घरातून धूर नाही. कोंबडा आरवत नाही. एवढा आपला गाव, पण तिकडे फार वेळ बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वारा पडला. जेवणं होऊन माणसं सावलीला लवंडली होती. पद्मावती झोपडीपुढे भांडी घाशीत होती आणि बाबली माडाला टेकून विडी ओढत होता. तेव्हा ते पहिल्यांदा ऐकू आलं.

गावात कुठेतरी इंजिन चालू झालं होतं.

झोपड्यांतली सगळी कुत्री उठून उभी राहिली. एकही भुंकलं नाही. तोंडं गावाकडे, कान ताठ. दोनचार माणसांनी डोळे उघडले आणि कूस बदलली. असं काही कानावर आलं तर गावपळणीत कुणी कुणाला विचारत नाही.

आवाज माडांतून पुढे सरकत होता. देवळाच्या वळणावर गिअर बदलला. डिझेलची गाडी, जुनी. घुरघुर एकसारखी, तुपासारखी गुळगुळीत.

पद्मावतीचे हात राखेत थांबले. ती ऐकत राहिली, मग मान हलवून पुन्हा भांडं घासू लागली. "आमची नाय ती," ती स्वतःशीच म्हणाली. आणि जरा वेळानं, "मेस्त्रीनू, कोणाची गाडी?"

बाबलीची विडी विझली होती. कोणती गाडी ते त्याच्या कानाला केव्हाच कळलं होतं. प्रत्येक इंजिनाचा श्वास वेगळा असतो, आणि हा श्वास त्यानं स्वतःच्या हातांनी किती वेळा उघडून पुन्हा बसवला होता. खोटं बोलायला एवढी जागा होती. सहज खपलं असतं.

"तुमचीच," तो म्हणाला.

"मगे ठोको खंय?"

"ठोको हंय आसा. माझ्या पिशयेत."

दोघांनीही झोपडीत अडकवलेल्या पिशवीकडे बघितलं. ती हलत नव्हती. आवाज खाडीच्या पलीकडच्या काठाशी येऊन थांबला. तिथे रस्ता होता, माड होते, ऊन होतं. गाडी नव्हती. इंजिन मात्र चालूच होतं. संथ, वाट बघत असल्यासारखं.

पद्मावती उभी राहिली. राखेचे हात तिनं लुगड्याला पुसले. भीती तिच्या तोंडावर नव्हती. होतं ते दुसरंच काही, आणि बाबलीला ते बघवेना.

"ठोक्याबिगर पण येतत तर हे," ती म्हणाली. बराच वेळ ती पलीकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि भांडं पुढे ओढलं. "बदला तो रॉड, मेस्त्रीनू. चेडवाचो जीव टांगणीक नको."

बाबलीनं विझलेली विडी खाली टाकली. रविकांत कधीच गाडी थांबवून इंजिन चालू ठेवत नसे. उतारावरसुद्धा चावी बंद करायचा, डिझेल जळतं म्हणून. पलीकडचं ते इंजिन माडांच्या सावल्या लांब होईपर्यंत चालत राहिलं. रविकांत असता तर त्यानं ते बंद केलं असतं, हे बाबलीनं तिला सांगितलं नाही. जे व्हायला हवं होतं ते तिच्या तोंडून आलं होतं. ते कुणामुळे आलं, हा प्रश्न त्यानं तिथेच खाडीकाठी सोडला.

कौल मिळाला, गाव परत भरला. गॅरेजाचं कुलूप जसंच्या तसं होतं. गोणपाटावर क्रँक, पिस्टन, सगळं जागच्या जागी. बाबली दारातच थोडा वेळ उभा राहिला, मग कामाला बसला. कणकवलीहून दुसरा रॉड आणला, बेअरिंगं नवी घातली, रिंगा बसवल्या, मांगरातली गाडी ओढून आणून इंजिन परत चढवलं. एरवी काम करताना तो शीळ घालायचा. या कामात त्यानं घातली नाही.

गाडी न्यायला अक्षदा आली. तिनं चावी फिरवली. बाबलीनं स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि कान लावला. घुरघुर एकसारखी होती, तुपासारखी.

"बरी चलता मा, काकानू?"

"बरी चलता." त्यानं बॉनेट लावलं, पण हात त्यावरून काढला नाही. "एक ऐक गो बाय. खंयय थांबलंस की पयली चावी बंद कर. चालू ठेवन कोणाची वाट बघू नको."

"डिझेल जळता म्हणान?"

"होय," बाबली म्हणाला. "डिझेल जळता म्हणान."