सहा अंड्यांचा पंचनामा

बाळांनो, ती सहा अंडी मला आजही आठवतात.

मी तेव्हा इंदूरच्या एका ठाण्याची प्रभारी होते. विजय नगरातल्या एका गृहस्थांचा पाळलेला पांढरा-पिवळा अजगर चोरीला गेला होता. प्राणी विदेशी जातीचा, कागदपत्रं चोख. आठवड्यानं खबऱ्या सांगत आला की तसाच अजगर जवळच एका बाईंकडे आहे. बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. आम्ही अजगर जप्त केला. तक्रारदारांनी तो लगेच ओळखला.

चौकशीत बाईंचं एकच म्हणणं. "मॅडमजी, हा माझ्या घरी जन्मला. हा त्याच्या आई-बापांचा फोटो, आणि हा त्याच्या जन्माच्या दिवशीचा."

आई-बाप दोघेही गडद तपकिरी. जन्माचा फोटो मी न बघताच बाजूला सारला. हवालदार हसले. "वा भिया, सांवले माँ-बाप और बच्चा अंग्रेज?"

बाई चिडल्या नाहीत. कागदावर चार चौकोन काढून समजावू लागल्या. "पांढरेपणाचा गुण दोघांत लपलेला आहे. पिल्लाला तो एकाकडूनच मिळाला, तर दिसत नाही. दोघांकडून मिळाला, तरच काळा रंग तयार होत नाही. दर अंड्याला चारात एक शक्यता." मग हळूच म्हणाल्या, "ह्याच जोडीची सहा अंडी घरी उबवायला ठेवलीत. चार-पाच दिवस थांबा. अटक झाली तर माझी नोकरी जाईल."

"आणि एकही पांढरं निघालं नाही तर?"

"नाहीही निघणार कदाचित. खोटं कशाला सांगू?"

स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट इतक्या सरळ सांगणारा संशयित मी क्वचितच पाहिला होता. मी अटक थांबवली. दोन पंचांसमोर अंड्यांचा पंचनामा केला, ती ठेवलेल्या काचेच्या पेटीला सील लावलं.

"मॅडमजी, अंड्यांना हजेरीचं समन्स काढू क्या?" हवालदारांनी विचारलंच.

पाचव्या दिवशी अंडी चिरू लागली. तपकिरी डोकं, पुन्हा तपकिरी, तिसरंही तपकिरी. बाई ओढणीचं टोक पिळत उभ्या होत्या. चौथ्या अंड्यातून लोण्याच्या रंगाचं, लाल डोळ्यांचं डोकं बाहेर आलं.

"लो, अंग्रेज आ गया," हवालदार म्हणाले.

तेव्हा कुठे मी तो जन्माचा फोटो नीट पाहिला. पिल्लाच्या मानेवर तुटक्या बांगडीसारखा पिवळा पट्टा होता. अंगावरची ही नक्षी जन्मभर तशीच राहते. जप्त अजगराच्या मानेवर तोच पट्टा होता. तक्रारदारांना बोलावलं. ते ओशाळून म्हणाले, "माझ्याच्या मानेवर हे नव्हतं. पांढरा दिसला, आणि मी हाँ कर दिया."

अजगर परत देताना मी बाईंची माफी मागितली. पुरावा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर होता. असं घडूच शकत नाही हे मी आधीच ठरवून बसले होते, म्हणून तो मला दिसला नाही.

चार चौकोनांचा तो कागद मी मागून घेतला. मनू, तुझे डोळे घारे, आई-बाबांचे काळेभोर. तुझ्या बारशाला "ही कुणावर गेली?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी तोच कागद काढून दाखवला होता.