शंटवाली पोरं आणि झटक्याचं औषध

सोमाटण्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात डोक्यात पाणी साठलेली मुलं येतात. ऑपरेशन करून आत नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. नंतर काहींना झटके येतात, म्हणून रोजचं औषध. मी तिथली सिस्टर. भाऊ विचारतो, "अशा जागी हसतेस कशी?" अरे, ओपीडीहून घरी येताना डबा रिकामा असतो, पण किस्से भरलेले असतात!

* * *

औंढ्याच्या आबांना आमच्या डॉक्टर सरांनी नीट समजावलं, "नातवाच्या डोक्यातलं जादा पाणी आता नळीनं पोटात उतरणार."

आबा काळजीत. "मंग त्याला पानी कमीच पाजू का? टाकी भरंल की!"

"पोट ते जिरवतं, आबा."

"व्हय? म्हंजी जमीन झ्याक हाय!"

* * *

घोरावाडी स्टेशनजवळ शौकतभाईंची बेकरी आहे. त्यांची लेक आफरीन औषध तोंडात घेईना. म्हणून हे तिच्यासमोर रोज एक चमचा स्वतः प्यायचे, "बघ, किती गोड!"

सर चिडले. "अहो, झोप येते त्यानं!"

"तरीच! सर, मला झटका एकदाही नाही आला, पण गिऱ्हाईक येऊन गेलेलंही कळेना!"

* * *

कामशेतच्या सुनीताताईंनी मनानंच पोराचं औषध बंद केलं. "झटका येतच नाही, मग कशाला?"

सरांचा आवाज चढला. "औषध आहे म्हणून येत नाही! गाडी घाटातून नीट उतरली, म्हणून ब्रेक काढून टाकाल?"

"आमच्या ह्यांच्या टेम्पोला आहेत कुठं?"

सर हसले नाहीत. बाटली त्यांच्या हातात देऊन, समोर पहिला डोस पाजूनच घरी सोडलं.

* * *

आणि आर्यन. सात वर्षांचा, आत्यासोबत आलेला. बाकावर बसल्या बसल्या त्याला झटका आला. मी धावले. त्याला कुशीवर वळवलं, सरांना हाक मारली. तोवर कुणी कांदा मागतंय, कुणी तोंडात चमचा घालायला निघालंय. "काही घालू नका!" मी ओरडले. आत्यानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरलेली.

हळूहळू अंग सैल पडलं. श्वास नीट झाला. सरांनी विचारलं, "औषध चुकलं होतं का?"

आत्या रडत म्हणाली, "न्हाई वो! मी सोता रोज त्याच्या हातात देते!"

तेवढ्यात आर्यननं डोळे उघडले. आधी चप्पल पाहिली, मग आत्याला.

"आत्या, मारू नको! उद्यापास्नं तुळशीत न्हाई वतनार!"