म्हशी कोंडल्याची गोष्ट

गेल्या फेब्रुवारीच्या बारा तारखेला पेरुंगुडीची आमची चार ग्राउंड जमीन (एक ग्राउंड म्हणजे चोवीसशे चौरस फूट) सहा कोटींना विकायचं ठरलं. विसार पंचवीस लाख. नुंगंबाक्कमच्या आमच्या घरी त्या वेळी मी, थोरला भाऊ, ब्याऐंशी वर्षांची आत्या आणि बिल्डरचा माणूस असे चौघे होतो. आणि दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर दूधवाली अक्का. तिच्या सहा म्हशी, गोठा आणि दोन खोल्या त्या जमिनीवर आहेत. सगळं मिळून अर्धा ग्राउंड. जागा रिकामी करून द्यायची तर तिची सही हवी होती.

ही जमीन आमची कशी झाली, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. पणजोबा तंजावरहून येऊन गोऱ्या कलेक्टरच्या कचेरीत दुभाषे झाले. चाकरीवर खूश होऊन सरकारने त्यांना दलदलीच्या काठचं कुरण इनाम दिलं. तिथे गुरं चारणारे लोक कधी सारा भरत नव्हते, म्हणून सरकारदरबारी ते कुरण पडीक होतं. इनाम मिळाल्यावर पणजोबांनी दर जनावरामागे चराई लावली. जे देईनात त्यांची गुरं कोंडवाड्यात गेली. पुढे त्यातलेच काही आमच्या म्हशी राखायला आमच्याच जमिनीवर राहिले. अक्का त्यांच्यातली. नंतर आमच्या म्हशी विकल्या गेल्या, कुरणाचे तुकडे होत गेले, आणि हा शेवटचा तुकडा उरला.

बिल्डरचा माणूस अक्काला म्हणाला, "पाट्टी, शेडचे चार लाख देतो. चांगला रेट आहे."

"शेडचे पैसे नकोत," अक्का म्हणाली. "शेड आहे ती जागा द्या. तेवढीच. म्हशी चौथ्या मजल्यावर चढत नाहीत, तंबी."

आम्ही हसलो. भाऊ हसला नाही. "अक्का, कागद आहे का तुझ्याकडे?"

"कागद तुम्हाला दिला ना सार, वेळ्ळैक्कारानं, त्या गोऱ्यानं. आम्हाला कुठला?"

तेव्हा आत्याने, वातावरण हलकं करावं म्हणून, म्हशी कोंडल्याची गोष्ट काढली. ही आमच्या प्रत्येक लग्नात होते. पणजोबांनी एके दिवशी अक्काच्या लोकांच्या बावीस म्हशी कोंडल्या. नेमकं त्याच दिवशी त्या लोकांकडे लग्न होतं. दंडाला पैसे नाहीत, म्हणून भांडी गहाण ठेवायला लोक रांगेने आले. शेवटी एक बाई डोक्यावर पितळी हंडा घेऊन आली, तोही पाण्याने भरलेला. पणजोबा म्हणाले, "अगं, पाणी कशाला आणलंस?" तर ती म्हणाली, "सामी, हंडा तुमचा झाला, पाणी तरी आम्हाला पिऊ द्या." आत्या त्या बाईची मान वेळावून नक्कल करते. तो हंडा अजून आमच्याकडे आहे. घरच्या सगळ्या नवरीमुलींचं लग्नातलं नहाण त्यातल्या पाण्याने झालं, माझ्या मुलीचंही.

आत्याने गोष्ट तमिळमध्ये सांगितली. बिल्डरचा माणूस मोठ्याने हसला. अक्काही तोंडाला पदर लावून हसली.

"आमच्याकडेही सांगतात अम्मा, लग्नातच," ती म्हणाली. "आमच्यात ती पाणी पीत नाही. हंड्यात थुंकते आणि देते."

आत्याने पंखा वाढवायला सांगितला. मी उठून वाढवला.

लाज मला त्या थुंकीची वाटली नाही. इतकी वर्षं मी त्या गोष्टीला हसलो, आणि लग्नघरात त्या दिवशी मुलांनी दूध काय प्यायलं असेल हे एकदाही मनात आलं नाही, याचीही लाज नंतरची. त्या क्षणी मी मनात भागाकार करत होतो. अर्धा ग्राउंड म्हणजे पंचाहत्तर लाख. भाऊ, आत्या आणि मी अशा तिघांत विभागले तर माझे पंचवीस. ते गेले तर मुलीच्या फ्लॅटला मला नेमके तेवढेच कमी पडणार होते.

भावाने माझ्याकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं? हिशेबाचा माणूस तू."

द्या म्हणालो असतो तर आत्या माझ्या बाजूने आली असती. ती हंड्याचं ऐकून हलली होती, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, "जागा दिली तर बिल्डर सौदा मोडेल." बिल्डरच्या माणसाने तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी पाच वर्षांचा असताना तिने मला म्हशीवर बसवलं होतं. "सरी, तंबी. बरं," ती म्हणाली, आणि उठली.

म्हशी तिने मार्चमध्ये तिरुपोरूरच्या बाजारात विकल्या. जागेबद्दल, म्हणजे कागदावर शेडबद्दल, तिच्या मुलीच्या खात्यात नऊ लाख जमा झाले: चार बिल्डरचे, पाच आम्हा तिघांचे. माझा वाटा एक लाख सहासष्ट हजार सहाशे सदुसष्ट. तो वजा करून मला एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस मिळाले.