शेजारच्या टीव्हीतली कट्टकट्ट

हौशी रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा मी रत्नागिरीत कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य. गावात टीव्ही नवे होते. मी मात्र घरच्या पडवीत, स्वतः जोडलेल्या यंत्रावर मोर्सच्या खुणांनी दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलत असे. आंब्यापासून माडापर्यंत ताणलेली तार हा माझा एरियल.

एका रविवारी दुपारी दगडी गडग्यापलीकडचे शेजारी काका आले. तारखात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी.

"तुझ्या यंत्राने आमच्या टीव्हीवर पट्टे येतात गो," ते म्हणाले. "आवाजातही कट्टकट्ट होते."

मी ओशाळले. "सॉरी काका. बघते काय करता येतं ते."

"ते बघच. पण मघाशी तू कोणाला तरी हवा चांगली आहे म्हणून कळवलंस ना?"

काकांनी टीव्हीतल्या खटखटीवरून माझा निरोप वाचला होता! त्यांच्या नोकरीत तारेचं यंत्र असंच कट्टकट्ट वाजायचं, आणि त्यावरून ते वर्षानुवर्षं तारा उतरवून घेत आले होते.

"आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडत जा," जाता जाता ते म्हणाले. "सगळं एकमेकांना चिकटतं."

पहिला संशय अर्थातच माझ्या यंत्रावर. नको त्या लहरी अडवणारी गाळणी करून ती यंत्र आणि एरियल यांच्यामध्ये जोडली. काही फरक नाही. मग काकांच्या घरी गेले. टीव्हीत येणारी अँटेनाची वायर काढली की खटखट बंद, लावली की सुरू; म्हणजे उपद्रव छपरावरच्या अँटेनातून येत होता. चित्र ठळक करणारा बूस्टर काढून पाहिला, टीव्हीच्या मागे दुसरी गाळणी लावली. पट्टे होते तसेच.

मला गंमत वाटू लागली होती. आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरातही टीव्ही होता, जवळजवळ तितक्याच अंतरावर, आणि तिथे एक रेघ दिसत नव्हती. मग काकांच्याच घरी काय होतं?

धागा काकूंच्या हाती लागला. त्या म्हणाल्या, "सकाळी तुझं चालू असतं तेव्हा चित्र स्वच्छ असतं. दुपारी खारा वारा सुटला की पट्टे."

हे ऐकून काका ताठ बसले. "वारा? मग कुठेतरी गंज आहे. किनाऱ्यावरच्या लाइनीला आम्हाला हाच त्रास व्हायचा. गंजलेला सांधा वाऱ्याने हलला की तारेत भलतंच काही उमटायचं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गंजलेले दोन धातू नुसते टेकले, तरी ते माझ्या लहरीतून नव्या लहरी तयार करू शकतात, आणि त्यातल्या काही थेट टीव्हीच्या वाटेवर पडतात. यंत्राबाहेरच तयार होणाऱ्या त्या लहरी अडवायला माझ्याकडची गाळणी काय कामाची!

दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. मी पडवीत मोर्सची कळ दाबून बसले, काकू टीव्हीसमोर, आणि काका अंगणात उभे राहून बांबूने अँटेनाच्या खांबाला ढुसण्या देत होते.

"आले!" काकू खिडकीतून ओरडल्या. "गेले! आले!"

खांब वाऱ्याने कलू नये म्हणून त्याला लोखंडी तारेचा ताण दिला होता. ती तार गंजून तांबडी झाली होती आणि वाऱ्यासरशी खांबाला घासत होती. आम्ही शिडी लावून ती सोडवली. काका मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर जाऊन नायलॉनचा दोर घेऊन आले आणि ताण त्याचाच दिला. दोराला गंज कुठून येणार?

मी पुन्हा कळ दाबली. वारा जोरात होता. काकूंनी खिडकीतून पदर हलवला. "काऽही नाही! एकदम स्वच्छ!"

मला एवढा आनंद परवाना मिळाल्यावरही झाला नव्हता.

आठवड्याभराने काका पुन्हा गडग्याशी उभे दिसले. "परत येतात का पट्टे?"

"नाही, नाही." ते घुटमळले. "टीव्ही अगदी चांगला चाललाय. पण आता तुझं काही ऐकू येत नाही."

मी त्यांना पडवीत बोलावलं आणि हेडफोन दिला. कळेला हात लावायला परवाना लागतो. ऐकण्यापुरते ते बसू शकत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, डोळे अर्धवट मिटले. लांबवर कोणीतरी भराभर कळ वाजवत होतं. मला त्यातली जेमतेम अर्धी अक्षरं पकडता आली. काका संथपणे लिहीत होते, एकही खाडाखोड न करता.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. कुठल्याशा गावी कोणाचं तरी डाळिंबाचं झाड पहिल्यांदाच फुललं होतं.

"कळव त्याला," काका म्हणाले, "इथे तुझ्या काकूला धरून तिघांना आनंद झाला म्हणून."