हन्नाबाईंची हजेरी

हन्नाबाई पेझारकर झुरळाला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, आणि विजा चमकायला लागल्या की घरातल्या मिक्सरचाही प्लग काढून ठेवायच्या. एका विद्यापीठाच्या कुलसचिव असलेल्या या बाई ऑफिसातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघत आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा बघायला परत वर येत. त्यांना हसणारे पुष्कळ होते. बाई स्वतःही हसत आणि म्हणत, "भीतीला कामाला लावायचं असतं. मोकळी सोडली की ती आपल्यालाच खाते."

माझी त्यांची पहिली भेट हॉस्टेलच्या मुलाखतीत झाली. मी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले होते आणि त्यांच्याकडच्या संध्याकाळच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला होता. समोर बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई. त्यांनी मार्क विचारले नाहीत. चष्म्यावरून बघत विचारलं, "तुला कशाची भीती वाटते?"

मी छाती काढून म्हटलं, "कशाचीच न्हाई."

"मग तुला हॉस्टेल देता येणार नाही. न घाबरणारी मुलगी दार उघडं टाकून झोपते. आणि तिच्यापायी मला झोप लागत नाही."

मी गडबडले. खरं ते तोंडातून निघून गेलं. "आप्पा कवा म्हणतील बास झालं शिकणं, चल घरी, त्याची भीती वाटती."

बाईंनी मान हलवली आणि फॉर्मवर सही केली.

आमच्या घोडकाठच्या वस्तीवर या विद्यापीठाला सगळे 'शनवारचं कॉलेज' म्हणत, कारण ते शनिवारी बंद आणि रविवारी चालू असे. "मारुतीचं हाय काय ही?" असं आमचे आप्पाच मला विचारायचे. मारुतीचं नव्हतं, ज्यू लोकांचं होतं. त्याची हकीकत बाई दरवर्षी नव्या मुलींना सांगत. त्यांचे आजोबा दौंडला रेल्वेत गार्ड होते. त्यांनी आणि त्यांच्या समाजातल्या दोघा-तिघांनी जंक्शनजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत शाळा काढली, रेल्वेतल्या खलाशी-हमालांच्या पोरांसाठी. मोडीत काढलेल्या डब्यांतली बाकं, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पुण्या-मुंबईच्या त्यांच्या लोकांनी वर्गणी धाडली. शाळेचं हायस्कूल झालं. पुढे रांजणगावला कारखाने आले, तेव्हा समाजाच्या ट्रस्टनं इकडे शिरूर तालुक्यात माळरान विकत घेतलं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप, मग पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंग, आणि शेवटी गेटावर विद्यापीठाची पाटी चढली. पत्र्याच्या शेडमध्ये बाई टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. प्रत्येक इमारतीचा पाया त्यांनी पाहिला. पण इमारती वाढत गेल्या तसे ज्यू कमी होत गेले. कुणी इस्राएलला गेलं, कुणी मातीत गेलं. मी आले तेव्हा त्या सगळ्या पसाऱ्यात ज्यू म्हणून एकट्या हन्नाबाई उरल्या होत्या.

त्या कॅम्पसवरच राहत. रोज कडूसं पडताना हॉस्टेलच्या दारात उभ्या राहून हजेरी घेत. कुणी म्हणालं, "बाई, सगळ्या आल्यात," तर त्यांना चालत नसे. "सगळ्या म्हणजे कोण? नावं सांग." शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावत. त्यानंतर पेन नाही, फोन नाही, विजेचं बटण नाही. पण हजेरी त्या दिवशीही होई, वहीशिवाय, तोंडपाठ.

माझ्या दुसऱ्या वर्षी बिबट्या आला. म्हणजे तालुक्यात तो होताच. माळरानाला पाणी आलं, चारी बाजूंनी ऊस उभा राहिला आणि उसात तो राहू लागला. पण तोवर ती आमच्या लेखी पेपरातली बातमी होती. मग मेसच्या मागची कुत्री एकेक करून दिसेनाशी झाली. पलीकडच्या वस्तीवरची शेळी गेली. आणि एका रविवारी सकाळी, आमचे तास चालू असताना, त्याच वस्तीवरची घास कापायला वाकलेली एक बाईच गेली. तिच्या घरच्यांचा आक्रोश आमच्या वर्गापर्यंत ऐकू येत होता. सर शिकवायचे थांबले. कुणी खिडकीकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून भीती आमच्या ताटात येऊन बसली. कपडे वाळत घालायला चौघी मिळून जायचो. वनखात्यानं कुंपणाबाहेर पिंजरा लावला. त्यातली शेळी ओरडली तरी काळजात चर्र व्हायचं, आणि गप्प झाली तर त्याहून जास्त. पाच-सहा मुलींना त्यांचे वडील घेऊन गेले.

हन्नाबाईंचं जेवण तुटलं होतं. त्यांनी कंपन्यांना पत्रं लिहिली की बस फाट्यावर न सोडता गेटपर्यंत आणा. उत्तर आलं, रस्ता अरुंद आहे, बस वळत नाही. मग त्यांनी वॉचमन रशीदमामांना रोज संध्याकाळी काठी आणि बॅटरी देऊन फाट्यावर उभं करायला सुरुवात केली. रशीदमामा शिरूरचे, साठीकडे झुकलेले. ते बाईंना म्हणाले, "बाई, मी हाय तवर पोरींच्या अंगाला कोन हात लावत न्हाई." बाई म्हणाल्या, "हात लावणाऱ्याची नाही हो भीती, रशीद. पंजाची आहे."

तो शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी तास नसत, पण माझी कंपनी चालू होती. बसमधल्या इतर मुली जोडून रजा टाकून घरी गेलेल्या. रशीदमामा तापानं अंथरुणावर, आणि बदली वॉचमनला फाट्यावर जायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात चौकात ट्रेलर आडवा झाला आणि बस दीड तास अडकली. माझा मोबाईल बंद पडला. फाट्यावर उतरवताना बिहारकडचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, अकेले जाओगे क्या?" मी हां म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फाट्यापासून गेट अर्धा किलोमीटर. दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. उजेड इतकाच की रस्ता पांढरट दिसत होता. वारा अजिबात नव्हता, आणि तरी डावीकडचा ऊस एका ठिकाणी हलला. मी थांबले तर तोही थांबला. मी चालले, तसा पुन्हा हलला, माझ्याबरोबर. मी पावलं उचलली, आणि उसातली ती हालचाल माझ्या पुढे निघून गेली.

पुढे ओढ्यावरची मोरी होती. मोरीच्या कठड्याशी तो रस्त्यावर आला आणि बसला. मांजर उंबऱ्यात बसतं तसा. माझ्या आणि गेटाच्या मधे.

आमचे आबा, माझे आजोबा, मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. ते सांगायचे, "वाघरू दिसलं तर पळायचं न्हाई, आन् बसायचं तर मुळीच न्हाई. बसल्यालं माणूस त्याला बकरू दिसतं." मी उभी राहिले. पण गुडघे माझं ऐकत नव्हते. ते आपोआप वाकायला लागले होते आणि मला ते कळत होतं. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

तेवढ्यात गेटाकडून ठणाणा आवाज सुरू झाला. पितळी ताटावर कुणीतरी पळी बडवत होतं. एक बॅटरी वेडीवाकडी हलत येत होती आणि त्या आवाजात, फाटलेल्या गळ्यानं, हन्नाबाई ओरडत होत्या, "सुनंदा कोळपे! सुनंदा कोळपे! हजर म्हण! मोठ्यानं म्हण!"

बिबट्यानं मान वळवली. आता तो आम्हा दोघींच्या मधे होता. बाई थांबल्या नाहीत. "हजर म्हण, मुली!"

कुठून आवाज आला माहीत नाही. "हजर!" मी किंचाळले. "हजर! हजर!" बाई ताट बडवत होत्या, मी ओरडत होते. तो उठला, घाई न करता, आणि उजवीकडच्या उसात शिरला. पानं मिटली.

बाई माझ्यापाशी पोचल्या, आणि मटकन खाली बसल्या. दातावर दात वाजत होते त्यांचे. "बसू नका बाई, उठा," मी रडतच त्यांना ओढत होते. गेटपर्यंत कोणी कोणाला आणलं, ते आजही सांगता येणार नाही. मागून बदली वॉचमन आणि मुली पळत आल्या. नंतर त्यांच्याकडून कळलं की हजेरीत माझ्या नावाला 'ओ' आली नाही, तशा बाईंनी दिव्यासमोरचं ताट उचललं आणि कुणासाठी न थांबता धावत सुटल्या. शब्बाथला बॅटरी कशी घेतली, असं मी पुढे एकदा विचारलं. त्या चिडल्या. "जीव जात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मोटरसायकलवर आले. डोक्यावरची टोपी घामानं भिजलेली. बाईंना ताप भरला होता, तरी शाल पांघरून त्या बाहेर आल्या.

"बाई, पोरगी न्यायला आलोय," आप्पा म्हणाले. "शिकवून वाघराच्या तोंडात द्यायची न्हाई मला."

मला वाटलं, बाई त्यांना समजावतील. बाई म्हणाल्या, "न्या. मी तुमच्या जागी असते तर मीही नेली असती."

मग बाई पुढे बोलल्या. "मी तुम्हाला हमी देऊ शकत नाही, आप्पा. मलाच रात्रभर धाप लागत होती. तो परत येईल. पण आता फाट्यावर रोज मी स्वतः उभी राहीन. एवढंच माझ्या हातात आहे, तेवढं सांगते."

आप्पांनी मला नेलं. तीन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. वस्तीवर ऊस आमच्याही दाराशी होताच. चौथ्या दिवशी आप्पांनी गाडीला किक मारली आणि म्हणाले, "बस. वाघरू हितंबी हाय आन् तितंबी. तितं निदान कुनीतरी ताट वाजवतंय."

पण मी परतले तेव्हा हॉस्टेलच बंद व्हायच्या बेतात होतं. विश्वस्त मुंबईहून आले होते, सगळे वयस्कर, सज्जन. उद्या काही झालं तर तोंड कसं दाखवायचं, हे त्यांचं भय. मुलींचं हॉस्टेल आणि संध्याकाळचं कॉलेज दोन्ही बंद करा, असं त्यांनी ठरवत आणलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या रशीदमामांनी ती बैठक पाहिली. बाई हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या, म्हणे. त्या म्हणाल्या, "दौंडला आजोबांच्या शाळेत यायला पोरांना रूळ ओलांडावे लागायचे. आयांनी पोरं धाडायची बंद केली. आजोबांनी शाळा बंद केली नाही. ड्यूटी नसेल त्या दिवशी झेंड्या घेऊन ते रुळांपाशी उभे राहायचे. शाळा बंद करायला कुणीही पुरतं. झेंडी धरायला माणूस लागतो." आणि त्यांनी आपला राजीनामा टेबलावर ठेवला. बंद करायचं तर आधी हा घ्या म्हणून.

राजीनामा कुणी घेतला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस मागे घ्या म्हणून बागायतदारांच्या दारोदार जायचं ठरलं, आणि बाईंबरोबर गेले ते आमचे आप्पा. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. मोरीपाशी दिवे लागले. कॉलेज चालू राहिलं. बाईंनी एलियाहू हन्नबीच्या, त्यांच्यात ज्याला नवस बोलतात त्या प्रेषिताच्या, नावानं मलिदा केला, गुळाचे पोहे, खोबरं, वेलदोडा, वर केळी आणि खजूर, आणि आम्हा सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाढला.

बिबट्या पिंजऱ्यात कधीच आला नाही. पुढची दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बाई रोज संध्याकाळी फाट्यावर उभ्या राहिल्या. सवयीनं भीती मोडते म्हणतात. त्यांची मोडली नाही. शेवटच्या दिवशीही त्यांचा हात हातात घेतला तर तळवा गार आणि ओला होता.

मी पुढे तिथेच परीक्षा विभागात लागले. बाई दौंडच्या घरी गेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. मी भेटायला गेले तर खिडकीतून यार्डातल्या गाड्यांचे आवाज येत होते. त्या म्हणाल्या, "ट्रस्टवर आता म्हातारेच उरलेत. आमच्यानंतर विद्यापीठ कुणाच्या हातात जाईल, याची भीती वाटते गं. नाव बदललं तरी चालेल. संध्याकाळचं कॉलेज तेवढं बंद करू देऊ नका."

"बाई, मी साधी क्लार्क."

"मी टायपिस्ट होते," त्या म्हणाल्या. त्यानंतर आठवड्याभरात त्या गेल्या.

पुण्याच्या त्यांच्या कब्रस्तानात आम्ही दोन बस भरून गेलो. शिफ्ट सोडून आलेल्या मुली कंपनीच्या युनिफॉर्मातच होत्या. त्यांच्या समाजाचे सात म्हातारे पुरुष जमले होते. मृतासाठीची जी मोठी प्रार्थना असते, कद्दीश, तिला दहा ज्यू पुरुष लागतात. ते तिघांची वाट बघत होते. कोणीतरी मुंबईहून निघालं होतं, पण वेळेत पोचणार नव्हतं. ऊन उतरत चाललं होतं.

आप्पा पुढे झाले. "आमी उभं ऱ्हायलो तर चालंल का? मी हाय, रशीदभाई हाय. किती पायजे तेवढी मानसं हायेत."

त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ आप्पांजवळ आले. "मोजणीत धरता येणार नाही," ते हळू म्हणाले. "कद्दीश राहील. आपण स्तोत्र म्हणू. पण उभे राहा तुम्ही. मी थांबलो की आमेन म्हणा."

आप्पांनी आदरानं टोपी काढली. त्या गृहस्थांनी खुणेनं सांगितलं, "घाला, घाला. आमच्यात देवासमोर डोकं झाकतात." आप्पांनी टोपी पुन्हा नीट बसवली. स्तोत्र सुरू झालं. म्हाताऱ्यांचा आवाज कापत होता, मधेच विरत होता. पण ते थांबले की आमच्यातून आमेन उठायचं, आणि त्यात आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.