रविवारचा शब्द

लग्न होऊन आली तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशी थोरलीची जागा ठरलेली होती: स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची, वाढायला सोयीची. मग ऑपरेशन झालं. आतड्याचा खराब तुकडा काढला, शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागली आणि खुर्ची सुटली. थोरली घरी बसून लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची. उरल्यासुरल्या सुती कापडाचं तिने पिशवीला कव्हर शिवलं, प्लॅस्टिक वाजू नये म्हणून. तरी जेवायची मात्र आत, ओट्यापाशी स्टुलावर. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, पण ये तरी कोणी म्हटलं होतं?

त्या रविवारी देवापुढे हात जोडून तिने मनाचा हिय्या केला. आज बाहेर बसायचंच.

बसली. नवऱ्याने नुसतं पाहिलं. धाकट्या जावेने आपली खुर्ची जरा पलीकडे ओढली.

धाकटे दीर इंग्रजीचे क्लास घ्यायचे. रविवारी जेवताना ते घरच्यांना एक शब्द देत. ज्याचं वाक्य फक्कड, त्याला गोडाची पहिली वाटी.

"आजचा शब्द, इव्हिसरेट. मूळ अर्थ, पोट फाडून आतडी बाहेर काढणं. सर्जन लोकांच्या पुस्तकातला. मग पेपरवाल्यांनी उचलला. आता वादात एखाद्याच्या चिंधड्या उडवल्या, एखाद्या कायद्यातला जीवच काढून घेतला, तरी हाच शब्द. रक्त गेलं, मजा तेवढी राहिली!"

"बाबांनी काल वॉचमनला इव्हिसरेट केलं!" पुतणी ओरडली.

"आणि बाबांना मी रोज करते," जाऊ म्हणाली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. देवाने जिभेला हाड दिलं नाही, म्हणून ती कशीही वळवावी असं थोडंच आहे!

"हं, वहिनी, तुमचा नंबर."

थोरली घोटभर पाणी प्यायली. "मला डॉक्टरांनी इव्हिसरेट केलं."

दिरांनी चुकचुक केलं. "चूक. तो अर्थ मागे पडला, वहिनी. बोलण्यात आता असं कोणी म्हणत नाही. शून्य मार्क."

"आणि जेवताना कसलं मेलं ते बोलणं!" जावेने आपल्या वाटीवर हात धरला.

"दुसरं वाक्य सांगते," थोरली घाईने म्हणाली. तेवढ्यात कव्हराला न जुमानता पिशवी वाजली. पुतणीने नाक दाबलं. "शी! काकू!"

कोणी तिला दटावलं नाही. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भात कालवत होता.

"अगं, तुला आतच बरं पडतं ना?" तो मान वर न करता म्हणाला.

ती ताट घेऊन उठली. स्टुलावर जेमतेम टेकली, तोच बाहेरून दिरांची हाक आली.

"वहिनी, जरा मीठ आणता?"

ती मीठ घेऊन गेली. तिच्या खुर्चीवर जावेने भाताचं पातेलं ठेवलं होतं.