स्टिअरिंगसाठी केलेलं ऑपरेशन

त्याच्या बसमध्ये झोपलेल्या माणसाचा स्टॉप हमखास चुकायचा, इतक्या अलगद तो ब्रेक लावत असे. त्याबद्दल लेखी तक्रारीही झाल्या होत्या. इन्सुलिन सुरू झालं आणि खात्याने या ड्रायव्हरला बसवरून उतरवून डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. इन्सुलिन घेणाऱ्याच्या हाती प्रवासी द्यायचे नाहीत, असा नियम. आपलीच बस किती उशिरा येणार हे लोकांना सांगता सांगता त्याची शुगर आणखी वाढली.

जठर लहान करायचं ऑपरेशन केलं तर इन्सुलिन सुटू शकतं, असं कळताच तो तयार झाला.

"अहो, चांगलं पोट कशाला कापून घेताय?" बायको म्हणाली.

"पोटासाठी नाही गं, स्टिअरिंगसाठी."

हॉस्पिटलात त्याच्या दिमतीला अख्खी टीम होती. सर्जन पोट बघत, शुगरचे डॉक्टर शुगर, आहारतज्ज्ञ बाई ताट आणि समुपदेशक मन. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र तो फिरकलाच नाही. हल्ली समोरून येणारे दिवे त्याला फुटल्यासारखे दिसत. तिथे काय निघेल याचा त्याला अंदाज होता. सर्जननी विचारलं की तो म्हणे, शुगरवाल्या डॉक्टरांनी डोळे बघितलेत. शुगरवाल्यांनी विचारलं की, सर्जननी. दोघांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता.

ऑपरेशन झकास झालं. इन्सुलिन सुटलं, टीमच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. मग त्याच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगू लागले. टीमच्या सिस्टरने त्याला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मधुमेहाने आतला पडदा आधीच खराब झाला होता. शुगर एकदम खाली आली तसा तो आणखी बिघडला.

"काका, आधी का नाही हो दाखवलंत?" सिस्टरने विचारलं.

"तुम्ही ऑपरेशन पुढे ढकललं असतंत."

"ढकललंच असतं! आधी डोळ्यांना लेसर, मग पोट. काही महिनेच गेले असते की."

बोलता बोलता सिस्टरने त्याची फाइल चाळली. डोळ्यांचा रिपोर्ट मागायचं तिच्याकडूनही राहिलंच होतं.

लेसर झालं. उरलेली नजर तेवढी टिकली.

खात्याचे डॉक्टर त्याला बघून खूश झाले. "वा! तुमची शुगर माझ्यापेक्षा चांगली. तेवढा तक्ता वाचा, की गाडी तुमची."

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच होता. ड्रायव्हरने वरच्या ओळी वाचल्या आणि थांबला.

"खालच्या?"

"पाठ आहेत, साहेब."

"मग म्हणा की!"

"दिसत नाहीत."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर बाकावर बायको बसली होती. ती लगबगीने उठली. "काय म्हणाले हो?"

"शुगर फार छान आहे म्हणाले," तो म्हणाला, आणि पायरी उतरण्यासाठी त्याने तिचा हात धरला.